पलटणीचं पातेलं

लालबाग,
श्रावणातला दुसरा रविवार

चि. अक्षदा हिस रामूकाकाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या कमलकाकूचे गुडघे कुरकुरतात, तोंड शाबूत आहे. तुझी आणि जावईबापूंची तब्येत कशी? वॉशिंग्टनला कुळथाचं पीठ मिळत नसेल तर कळव. (मिळत असेल तरी कळव, काकू दळून बसलीय.)

आता नीट वाच. आपल्या घरचं मोठं पातेलं तुला ठाऊक आहेच. माझे खापरपणजोबा धाकू जहाजावर खलाशी होते, अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात लढले आणि सेनापतीने खूश होऊन त्यांना हे पातेलं बक्षीस दिलं, हे ऐकतच आपण सगळे वाढलो. चाळीच्या गणपतीचा पहिला शिरा त्यातच होतो, हा आपला मान. यंदा मंडळाचे नवे सेक्रेटरी हितेंद्र म्हणाले, पुरावा दाखवा, नाहीतर शिरा नव्या स्टीलच्या टोपात होईल. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्याच दिवशी पातेलं पिशवीत घालून मी फोर्टातली एक लायब्ररी गाठली. (वॉचमनने ते दारातच ठेवून घेतलं, त्यामुळे तळाला ठोकलेला शिक्का बघायला मी दिवसातून सहा वेळा जिने उतरत होतो.) तिथल्या अनुजा मॅडमनी आधी सगळ्या पलटणींच्या यादीचा जाडजूड ग्रंथ काढून दिला, कुठली कधी उभी राहिली, कुठे लढली. मग एकेका पलटणीचा इतिहास, मग कॉम्प्युटरवर हजेरीपट. तीन आठवडे मी दक्षिणेच्या पलटणी उपसल्या, कारण मतदारयादीत आपण दक्षिण मुंबईत. शेवटी मॅडमनीच दाखवलं की शिक्का उत्तरेच्या पलटणीचा आहे.

आणि सापडले गं. नाव धाकू, जन्म मुंबई, वय बावीस, काम आचारी. मी तिथेच रडलो. गिरणीत पिढ्या घालवलेल्या आपल्या घराचं नाव तिकडच्या सरकारी कागदात दीडशे वर्षं जपून ठेवलंय. मंडळाच्या सभेत ही नोंद वाचली तेव्हा हितेंद्रांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. पातेल्याचा मान कायम, शिवाय स्मरणिकेत अख्खं पान आपलं. चाळीच्या फळ्यावर मी तीन रंगांच्या खडूंनी लिहूनही टाकलंय.

तुझा अभिमानी,
रामूकाका

ता. क. हितेंद्रांना स्मरणिकेत त्या नोंदीचा फोटो छापायचाय. मूळ कागद वॉशिंग्टनच्या सरकारी दफ्तरात आहे आणि तू तिथेच राहतेस, म्हणून त्यांनी तुझा नंबर घेतलाय. फोन आला तर दफ्तराला रंगकाम चालू आहे म्हणून सांग. सभेत मी शेवटचा रकाना वाचला नव्हता.

ता. क. २. त्यात लिहिलंय, ‘एकोणिसाव्या दिवशी फरार. सोबत कंपनीचं पातेलं.’

ता. क. ३. एवढं धूड घेऊन माणूस सात समुद्र ओलांडून घरी आला, याचा मला लढाईपेक्षा जास्त अभिमान वाटतो. पण काकूचा जीव धास्तावलाय. तेव्हा एकदा दफ्तरात जाऊन हळूच विचार, ते लोक अजून शोधतायत का. आपलं आडनाव सांगू नकोस. आणि परत मागितलंच, तर विसर्जन झाल्यावर बघू म्हणावं.