जावयाची राहिलेली कोंबडी

मी, प्यो पिल-नाम, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार सोल्गोल, उत्तर जोल्ला प्रांत, धंदा कुक्कुटपालन, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही. तांदळाची दारूही घेतलेली नाही. ती सह्या झाल्यावर.

माझी बुद्धी शाबूत आहे. हे मुद्दाम लिहावं लागतं, कारण गेल्या महिन्यात तालुक्याच्या नोटरीकडे तिच्याबद्दल शंका निघाली. मी तोंडी सांगत होते आणि एक पोरगी भराभरा टाइप करत होती. माझे पुढचे दात पडलेले आहेत. जावयाचं आडनाव थाक, आणि कोंबडी म्हणजे दाक. तोंडात दात असले की हा फरक सोपा असतो. पोरीने वाचून दाखवलं: ‘माझा संपूर्ण कुक्कुटपालन व्यवसाय, जमिनीसह, कोंबडीला द्यावा. कोंबडीने मुलासारखी माझी सेवा केली आहे. कोंबडीने माझी मुलगी जोंग-मी हिला सुखात ठेवले आहे, याबद्दल मी समाधानी आहे.’

नोटरीसाहेबांनी चष्मा काढून पुसला. “आजी, कोणती कोंबडी?”

मला ‘कोणता थाक’ असं ऐकू आलं. “कोणता काय? एकच तर आहे मला! बॉयलर दुरुस्त करतात ते!”

“बरं, बरं. आजी, आज वार कोणता?”

“बाजाराचा,” मी म्हटलं, छत्री उचलली आणि घरी आले. म्हणून आता हाताने लिहिते आहे. हाताला दात लागत नाहीत.

हे सगळं कशासाठी, तेही सांगून ठेवते. फार्मची जमीन आणि परवाना माझ्या नावावर आहे. न लिहिता मेले, तर कायदा काही म्हणो, सगळं मुलाच्या, क्वांग-होच्या हाती जाईल. तो सोलमध्ये राहतो आणि वर्षातून दोनदा सणाला येतो. या सुगीच्या सणाला जेवण झाल्यावर दात कोरत तो खुराड्यांपर्यंत चालत गेला. पावलं मोजत होता.

“आई, हे सगळं काढलं ना, इथे काचेचं कॉफीचं दुकान काय झकास होईल! समोर डोंगर, हातात कॉफी.”

“आणि कोंबड्या?”

“कोंबड्यांचं काय, कोंबड्यांचं जे होतं तेच.”

जावई बादली घेऊन तिथेच उभे होते. मध्ये बोलणार कसे? जावई म्हणजे शंभर वर्षांचा पाहुणा असं आमच्याकडे म्हणतात, आणि पाहुण्याला घराबद्दल मत नसतं. त्यांनी नुसती बादली धुतली. मग तीच धुतलेली बादली पुन्हा धुतली. ते बघून त्याच दिवशी ठरवलं की कागद करायचा.

कलम पहिले. राहतं घर, पुढचं अंगण आणि पर्सिमनची दोन्ही झाडं क्वांग-हो याला द्यावीत. कायद्याने पोराचा वाटा मारता येत नाही, आणि मला मारायचाही नाही. आयुष्यभर गावाने मला ‘क्वांग-होची आई’ याच नावाने हाक मारली. एवढ्या हाकांचं भाडं म्हणून घर त्याचं. मात्र झाडांची वरची दहा-बारा फळं मॅगपाय पाखरांसाठी ठेवतात, ती त्याने तोडू नयेत. गेल्या वर्षी तोडली होती. मी पाहिलं आहे.

कलम दुसरे. सोयाचटणीचं मडकं, शिवणयंत्र, सोन्याची अंगठी आणि काळा कोट जोंग-मी हिला द्यावा. कोट तिला घट्ट होईल. तरी तिने तो घालून बघावा आणि जेवण कमी करावं.

कलम तिसरे, फार्मबद्दल. हे लांबणार आहे, कारण फार्म एका न कापलेल्या कोंबडीपासून सुरू झाला.

जावई पहिल्यांदा घरी येतात तेव्हा सासूने वाणाची कोंबडी कापायची असते. अंड्यांसाठी, पिल्लांसाठी राखलेली, घरातली सगळ्यात चांगली कोंबडी. तेव्हा आमच्या परसात हौस म्हणून पाळलेल्या पाच-सहा कोंबड्या होत्या. थाक जावई निळा सूट घालून, औषधी जिनसेंग मुळ्यांची पेटी घेऊन आले. माझे यजमान, देव त्यांना शांती देवो, मला कोपराने ढोसत होते. “अगं ए, क्वांग-होची आई! जावई आलाय! बघतेस काय, काप!”

मी सुरी घेऊन मागे गेले. सगळ्यात चांगल्या त्या तांबडीला धरायला हात घातला, तर मागून आवाज आला. “आई, थांबा! ती खुडूक आहे. खाली अंडी आहेत.”

सूटसकट हा माणूस खुराड्यापुढे उकिडवा बसला होता. म्हणाले, “बघा, पोटाची पिसं उपटलीत तिने. आता हिला उठवलं तर अंडी गार पडतील.” आणि मला खात्री पटावी म्हणून त्यांनी हात आत घातला. तांबडीने तो फोडला. ते मागे कोलमडले आणि निळी विजार मागून फाटली. नवा जावई माझ्या यजमानांची शेतातली विजार घालून जेवायला बसला, आणि ताटात काय, तर सुक्या मासळीचं सार! दारू उतरवायला नवऱ्याला देतात ते. यजमान मरेपर्यंत त्या साराची लाज बाळगून होते. गावाने तर वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. “क्वांग-होची आई, जावई आला का गं? मासळी भिजत घातलीस का?”

जावयाने मात्र दोन वाट्या सार प्यायलं. तेव्हापासून दर सणाला पायातले बूट काढता काढता विचारतात, “आई, माझी कोंबडी राहिलीय हं.” आणि मी म्हणते, “अहो, बसलीय ती.” वीस वर्षं हाच विनोद चालला आहे. आम्हा दोघांनाच त्याचं हसू येतं.

त्या अंड्यांतून पिल्लं निघाली, पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. यजमान गेल्यावर घर फार गप्प झालं. मग मी आणखी वाढवल्या. अंडी शेजारी द्यायची, मग बाजारात टोपलीत घेऊन बसायची, असं चाललं होतं. ते बेकायदेशीर आहे हे मला गावप्रमुख मेंग चुन-सिक याच्या तक्रारीमुळे कळलं. तक्रार काय, तर माझा कोंबडा पहाटे त्याच्या खिडकीकडे तोंड करून आरवतो. तपासणीला साहेब आले, खुराडं बघितलं, टोपली बघितली. “आजी, नोंदणी? अंड्यावर शिक्का? घरापासून अंतर?”

मी म्हटलं, “साहेब, अंडी आहेत ही, गाड्या नाहीत.”

त्या रात्री मी सगळ्या कोंबड्या विकून टाकायला निघाले होते. जोंग-मीने फोन जावयाच्या हातात दिला. ते म्हणाले, “आई, विकू नका. कायद्यात बसवू.” आणि त्यांनी बसवलं. सुट्टीच्या दिवशी यायचे. मेंगच्या घरापासून ठरलेल्या अंतरावर, वर आमच्या चेस्टनटच्या झाडांच्या उतारावर, एकेक फळी वाहून खुराडी नवी बांधली. मोजायच्या फितीचं दुसरं टोक खुद्द मेंगने धरलं होतं, फसवणूक होऊ नये म्हणून. ती त्याने इतकी ताणून धरली की आमची खुराडी नियमापेक्षा दोन हात लांबच गेली. पिल्लांना ऊब देणारी पेटी जावयाने जुन्या बॉयलरच्या सुट्या भागांतून केली. अजून चालते. माझी कंबर त्या पेटीपेक्षा लवकर गेली.

नोंदणीच्या खिडकीपाशी त्यांनी विचारलं, “आई, फार्मचं नाव काय लिहू?”

“लिहा की, क्वांग-होच्या आईचा फार्म.”

त्यांनी लिहिलं: प्यो पिल-नाम फार्म. पिल-नाम म्हणजे ‘पुढचा नक्की मुलगा’. चौथी मुलगी झाल्यावर आजोबांनी रागाने ठेवलेलं नाव. लग्नानंतर ते फक्त दवाखान्यात ऐकू यायचं. पुढे पाटीवर ते माझ्या उंचीएवढं झालं, पण मला रडू आलं ते खिडकीपाशीच. आतली बाई म्हणाली, “आजी, नाव बदलायचंय का?” मी म्हटलं, “हात लावून बघ.”

आता माझ्या प्रत्येक अंड्यावर शिक्का आहे: कधी घातलं, कोणत्या फार्मचं, आणि शेवटी कोंबडी कशी राहते याचा एक आकडा. एक म्हणजे मोकळी फिरणारी, चार म्हणजे पिंजऱ्यातली. माझा एक आहे. माणसांच्या कपाळावर असा शिक्का मारत असते, तर सोलमधल्या फ्लॅटमुळे क्वांग-होला चार मिळाला असता.

म्हणून: फार्म, चेस्टनटची जमीन, परवाना, पाटी आणि कोंबड्या थाक स्योंग-जिन यांना द्याव्यात. आडनाव पुन्हा लिहिते: थाक. माणूस. अट एकच, शिक्क्यातला शेवटचा आकडा ‘एक’च राहावा. कॉफी प्यायची असेल त्याने बाजारात जाऊन प्यावी.

कलम चौथे. मेंग चुन-सिक याला काय द्यावं याचा मी पुष्कळ विचार केला. त्याने तक्रार केली नसती तर मी आजही टोपली घेऊन पोलिसाला घाबरत बसले असते, हे खरं आहे. पण त्याने ती उपकार म्हणून केली नव्हती. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे. म्हणून मी त्याला साक्षीदार केलं. कोंबडा फार्मवरच राहील आणि त्याला वाटेल त्या दिशेला तोंड करून आरवेल.

कलम पाचवे. श्राद्धाला ताटात उकडलेली कोंबडी मांडतात. माझ्या ताटात मांडू नये. ओळखीची निघाली तर घास उतरणार नाही.

कलम सहावे आणि शेवटचे. हे कायद्यात बसतं की नाही ठाऊक नाही, पण लिहायचंच आहे.

थाक, वाणाची कोंबडी पाहुण्यासाठी कापतात. तांबडी तुझ्या ताटात यायची होती. तू ती उठू दिली नाहीस. तिच्याच पिलावळीवर हा फार्म उभा आहे. तेव्हा तुझी राहिलेली कोंबडी मी व्याजासकट परत करते आहे, असं समज. कापलेली मात्र तुला माझ्या हातून कधीच मिळणार नाही, कारण तू आता पाहुणा नाहीस. शंभरातली वीस वर्षं भरली, उरलेली ऐंशी मी माफ करते. क्वांग-होने कॉफीचं नाव काढलं तर बादली धुवत बसू नकोस. घरच्यासारखा तोंड उघडून भांड. आणि यापुढे अहो-जाहो बंद. लिहिताना जमलं आहे, तोंडाने जमतं का बघते.

हे सर्व मी वाचून, समजून लिहिलं आहे. लाल डाग शिक्क्याच्या शाईचे आहेत. दुसऱ्या पानावरचा मिरचीपुडीचा आहे, आज हिवाळ्याची किमची घालायचा दिवस आहे.

(सही आणि शिक्का) प्यो पिल-नाम

साक्षीदार पहिला: मेंग चुन-सिक, गावप्रमुख. मजकूर वाचला. कोंबड्याबद्दलचं म्हणणं मान्य नाही. फीत मी ताणली नव्हती. बाकी खरं आहे.

साक्षीदार दुसरी: स्योक मी-ओक, केशभूषा दुकान, बाजारपेठ. लिहिणारीची बुद्धी शाबूत आहे. फीत मेंगने ताणली होती, मी तिथे होते.

स्थळ: सोल्गोल. दिनांक: २५ नोव्हेंबर २०२३.

ता. क. सह्या वाळत होत्या तेवढ्यात थाक चिखलाचे रबरी बूट घालून दाराशी आला. “आई, सगळे मिळून काय लिहिताय?”

“काही नाही रे. ये, सार गरम आहे.”

‘रे’ ऐकून तो जागीच थिजला. हातातली बादली खाली ठेवायचीही विसरला आणि तसाच, बुटांसकट, माझ्या पुसलेल्या जमिनीवरून सरळ आत चालत आला.

वीस वर्षांत पहिल्यांदाच मी त्याच्यावर ओरडले. “अरे मेल्या, बूट!”