ओळख परेडीतला भरतीचा माणूस

१ डिसेंबर, सोमवार

नांदुऱ्याहून गाडी वेळेवर सुटली, खिडकी मिळाली, मोताळ्यात दुसरी गाडीही लगेच लागली. दिवस उत्तम गेला. ठाण्याचं नाव इथं लिहीत नाही. इंटर्नशिपच्या अटींत गोपनीयता आहे आणि मी अटी वाचतो. बाकीचे नुसती सही करतात.

स्वतःबद्दल एकदा लिहून ठेवतो. भागवत खर्चे, वय सत्तेचाळीस. दहावीला शाळा सुटली. पुढं विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करता करता दुकानातच वाचत गेलो. बारावी बाहेरून, पदवी बाहेरून, आता फौजदारी न्यायाची पदविका. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे चुकीचंही कुणी शिकवलं नाही. हा महिना ठाण्यात काढला की प्रमाणपत्र. वंदनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यासाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला आहे.

खोली ठाण्यामागेच मिळाली, हवेशीर आहे. हवालदार निवृत्ती गप्पिष्ट माणूस. "या भागवतभाऊ, तुमच्यासारखा शिकेल माणूस पाह्यजेच होता आमाले," म्हणाला. बोलता बोलता ओळख परेडीचं कलम चौपन्न-अ म्हणाला. मी सांगितलं, ते जुन्या कायद्यातलं. नव्यात नुसतं चौपन्न. त्यानं कोपरापासून हात जोडले.

४ डिसेंबर, गुरुवार

वैताग आहे. आल्यापासून झेरॉक्स काढतो आहे. एका पंचनाम्यात विहीर उत्तरेला आणि नकाशात दक्षिणेला होती. ठाणेदार साहेबांच्या निदर्शनास आणून दिलं, तर त्यांनी मी मोटारीची कामं करतो ना असं विचारलं आणि आवारातला पाण्याचा पंप दाखवला. दुपारभर पंप खोलून बसलो. निवृत्ती कप घेऊन समोर उभा. "भाऊ, कायदा राहू द्या, हे तुमाले झकास जमते!"

आज एक काम मात्र हाताला लागलं. गेल्या महिन्यात गोजरबाई नावाच्या बाईच्या म्हाताऱ्या नवऱ्याला शेळीचोरानं रात्री गोठ्यात गळा दाबून मारलं. तिनं बॅटरीच्या उजेडात त्याला पाहिलं. मलकापूरकडून गोविंदा नावाचा इसम धरून आणला आहे, चेहरा झाकून. निरक्षर, अंगठेबहाद्दर, वय माझ्याएवढंच. सोमवारी त्याची परेड. रांगेत आरोपीसारखी दिसणारी भरतीची माणसं लागतात आणि एक कमी पडतो आहे. निवृत्तीनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

मी अभ्यासासाठी आलो आहे, उभं राहण्यासाठी नाही. पण परेड आतून बघायला मिळेल म्हणून होकार दिला.

८ डिसेंबर, सोमवार

उपकारागृहाच्या अंगणात नायब तहसीलदारांनी परेड घेतली. पोलीस बाहेर, हे बरोबर. पण माणसं एकसारखी नव्हती, एक तर टकला होता, आणि गोविंदाच्या हनुवटीवरचा व्रण उघडाच. अशा परेडीला काय अर्थ?

गोजरबाई आल्या. सुकलेल्या, पदर दातांत धरलेला. गोविंदापुढून तशाच सरकल्या. माझ्यापुढं थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. "हाच हाय तो."

नायब तहसीलदारांनी पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं.

परत येताना निवृत्ती हसून हसून गाडीतून पडायचा राहिला. कायदा शिकाले आला अन् मर्डरमध्ये घुसला, असं सगळ्या ठाण्याला सांगितलं. मला हसू आलं नाही. खांदा अजून गार लागतो आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

परेडीतले दोष दाखवणारं टिपण साहेबांना दिलं. त्यांनी ते न वाचता त्यावर चहाचा कप ठेवला.

वंदनाला फोन केला. खुनाची तारीख सांगून विचारलं, त्या रात्री मी कुठं होतो, आठवतं का? ती म्हणाली, "कुठी जान तुमी? घोरून राह्यले होते. मलेच झोप नव्हती." मग काळजीनं विचारलं, पण काऊन विचारता?

दुसरा साक्षीदार आहे, शेजारचा शेतकरी नारायणराव. त्यानं पळणारा माणूस पाहिला. त्याच्यापुढं परेड शुक्रवारी. मीच हट्ट धरला की मला पुन्हा उभं करा, पण मांडणी माझ्या हातानं होईल. रीतसर परेड कशी असते ते एकदा या लोकांना दिसू द्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सगळं नियमानं केलं. उंची, वर्ण, वय जुळणारी माणसं मी स्वतः बाजारातून निवडून आणली. सगळ्यांना सारखे शर्ट. मी मिशी काढली, जागा बदलली. गोविंदाचा व्रण झाकायचा म्हणून सगळ्यांच्या हनुवटीला कागदाची पट्टी चिकटवली, माझ्याही. आजवर या जिल्ह्यात इतकी चोख परेड झाली नसेल.

नारायणराव फाटकातून आत आले ते सरळ माझ्याकडं. बाकीच्या रांगेकडं पाहिलंसुद्धा नाही.

नायब तहसीलदारांनी पेन खाली ठेवलं.

१३ डिसेंबर, शनिवार

पट्टी काढली तिथं आग होत होती. गोंदाची खाज असेल म्हणून खोबरेल लावलं. सकाळी आरशात पाहिलं. व्रण आहे. जुना, पांढरा पडलेला, हनुवटीवर आडवा.

ठाण्यात निवृत्तीनं टक लावून पाहिलं. हा पयलेपासून होता का बे, असं विचारलं. बे! परवापर्यंत भागवतभाऊ होतो. मी सुनावलं की बोलण्याची रीत ठेवा. तो गोंधळला, माफी मागितली, आणि पुढच्याच वाक्यात पुन्हा तू म्हणाला.

गोविंदाला जेवण द्यायला गेलेला शिपाई सांगत होता की त्याची हनुवटी पार गुळगुळीत झाली.

१५ डिसेंबर, सोमवार

गोजरबाई माझ्या दारासमोर बसून आहेत. रडणं नाही, शिव्या नाहीत. शेवटी मीच बाहेर गेलो. समजावलं की आई, अंधार होता, माणसाची चूक होते, त्या रात्री मी नांदुऱ्यात होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या राती त्याले तोंडच नव्हतं, बापू. तू लाईनीत उभा राह्यला, तवा आलं."

शर्टाला शेळ्यांचा वास येतो. दोनदा धुतला.

१७ डिसेंबर, बुधवार

निवृत्तीनं आज गंमत म्हणून सांगितलं. गोविंदानं त्याचं कलम सुधारलं. चौपन्न-अ नाही, नुसतं चौपन्न. वर रिमांडचा कागद मागून घेतला, वाचला, दोन चुका काढल्या. अंगठेबहाद्दर माणूस!

मी हसलो नाही. सकाळपासून वर्तमानपत्र समोर आहे. मथळा लागतो. खालचं बारीक — लागत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा.

वंदनाला फोन केला. तिनं कोण बोलता विचारलं. मी भागवत म्हणालो. ती म्हणाली, बाप्पा, माह्या मालकाचा आवाज का मले ठाऊक नाही? तिनं फोन बंद केला.

१८ डिसेंबर

दोन साक्षी झाल्या म्हणून साहेबांनी कोठडीत बसवून ठेवलं. मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, हे कुठून चोरलं म्हणाले. मी म्हणालो, नांदुऱ्याला विचारा, दुकान आहे, बायको आहे. तिला आणा. मला रांगेत उभं करा, तिला ओळखू द्या. रीतसर अर्ज देतो.

अर्ज लिहायला दुपार गेली. जोडाक्षरं — हात अडतो. 'प्रतिज्ञापूर्वक' तीनदा खोडलं.

वही काढून घेतली नाही. लिही बे, म्हणाला निवृत्ती, तेवढाच टाइमपास.

२० डिसेंबर

आज वंदना आली. अंगण तेच. पट्ट्या सगळ्यांना. मीच सांगितलेली रीत. रांगेत बोलायचं नाही — तोही माझाच नियम.

माझ्यापुढं आली. थांबली. मी डोळ्यांनी सांगत होतो — वंदे, मी — इथं —

नाकाला पदर लावला तिनं. वास आला असेल.

पुढं गेली. गोविंदाच्या खांद्यावर हात ठेवला. "हेच त हायेत. किती वाळले हो!" आणि रडली. त्यानं तिचे डोळे पुसले. नायब तहसीलदारांना शुद्ध भाषेत म्हणाला की आपण सहकार्य केलंत, आभारी आहे.

मी ओरडलो. शिपायानं मारलं.

त्याला सोडलं. गेले दोघं. गाडीनं. फाटकाबाहेर म्हातारी गोजरबाई होती. तिनं त्याला वाट दिली. मला पाहून मान हलवली.

संध्याकाळ

अक्षरं जात आहेत. मागचं पान उघडलं. माझंच. ओळी दिसतात. वाचता — कुठं कुठं येतं.

कलम — कितवं —

निवृत्ती कागद घेऊन आला. जबाब. वाचून दाखवला. शेळ्या, म्हातारा, गोठा. सगळं आहे त्यात. काळ्या शेळीचा एक कान फाटका, ते मात्र त्यात नाही. ते मला कसं —

शाईची डबी ठेवली समोर. अंगठा दे बे, म्हणतो.

नाही. सही करीन. मला येते. दुकानात बसून, एकट्यानं शिकलो. कुणी शिकवलं नाही. माझं नाव मला येतं.

भा

भाग

भा —