सर्व वाद रायचूरला

३ जून १९६३
मद्रासमधल्या गिंडीच्या पंपांच्या कारखान्यात क्लार्क झाले. सहा महिने टेम्पररी. अप्पांशी तह: कायम झाले तर लग्नाचा विषय बंद. स्थळ रायचूरचं, रेल्वेतला गुड्स क्लार्क. त्याला रजा मिळत नाही म्हणून मुलीलाच घेऊन या म्हणतात. घरातली पहिली बी. ए. पार्सलसारखी जाणार नाही.

७ जून
आमच्या ऑर्डर फॉर्मच्या तळाशी छापलंय: तंटा झाल्यास खटला फक्त मद्रासच्या कोर्टात. म्हणजे मुंबईच्या गिऱ्हाइकाने इथवर हेलपाटे घालायचे. स्वतंत्र देशात हा आप्पलपोटेपणा. हेडक्लार्क नारायणस्वामी म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे. म्हणूनच बदलायचं.

९ जून, रविवार
रायचूर किती लांब ते अप्पांना दाखवायला रेल्वेचं टाइमटेबल उघडलं. मद्रास आणि मुंबईच्या जवळजवळ मधोमध निघालं. लांब असल्याचं सिद्ध झालंच, वर न्यायही सापडला.

१० जून
नवं कलम टाइप केलं: सर्व वाद रायचूरच्या कोर्टात. दोन्ही पक्षांना सारखाच त्रास. मालक भीमसेनराव फोनवर होते. न वाचता सही केली. याला विश्वास म्हणतात. माझं नेमणुकीचं पत्रही मीच टाइप केलं. त्यातही तेच कलम. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२२ ऑगस्ट
मुंबईच्या गिऱ्हाइकाने आमच्यावर मुंबईत दावा लावला. पंप पाणी ओढत नाहीत म्हणे. भीमसेनराव घाबरले. कलम आहे, असा मी धीर दिला. त्यांनी ते आज पहिल्यांदा वाचलं. बराच वेळ वाचत होते. आवडलं असावं.

२४ ऑगस्ट
वकिलांनी विचारलं, रायचूरला तुमचं आहे काय? काहीच नाही, तोच तर मुद्दा, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. भारावले बिचारे.

१८ नोव्हेंबर
मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, करार रायचूरचा नाही, माल तिथला नाही, माणसं तिथली नाहीत. दोघांनी कागदावर लिहिलं म्हणून तिथल्या कोर्टाला अधिकार येत नाही. खटला मुंबईतच चालणार. नारायणस्वामी म्हणाले, जुनी ओळ असती तर मद्रासला आला असता. काही लोकांना भूतकाळातच करमतं.

२ डिसेंबर
कायम केलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले. हा अन्याय आहे, कोर्टात जाईन, असं मी स्पष्ट बजावलं. भीमसेनरावांनी माझं नेमणुकीचं पत्र काढून पुढे ठेवलं.
"जा की, अम्मा. रायचूरला."

८ डिसेंबर
अप्पांनी तिकिटं काढली. तिघांची, रायचूरची. मी चालले आहे ती केवळ दाव्यासाठी, हे घरात सगळ्यांना सांगितलं. कोणी वाद घातला नाही. आई ट्रंक भरता भरता म्हणाली, "तुझे कागद खाली ठेव गे. साडीला चुण्या पडतात."
ठेवले. कोर्ट स्टेशनपासून किती लांब आहे ते काही माहीत नाही. मुलगा तिथलाच आहे. त्याला विचारेन.