मनाईच्या दारात पत्नी

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
फेरीविक्री विभाग, नगर कार्यालय.

विषय : दारावरील 'विक्रेत्यांनी बेल वाजवू नये, आत येऊ नये' या फलकातून स्वतःच्या पत्नीस सूट मिळणेबाबत.
संदर्भ : आपणच दिलेला फलक.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त घड्याळजी आहे. दुपारी डोळा लागला रे लागला की बेल वाजे. कधी चाकूवाला, कधी गालिचेवाला, बहुतेकदा ब्रशवाल्या बाई. वैतागून अर्जदाराने आपल्याकडून रीतसर मनाई फलक आणून दारावर ठोकला. बेल गप्प झाली.

२. पत्नी मात्र गप्प बसली नाही. ब्रशवाल्या बाईंशी तिच्या रोज गप्पा रंगत, हे अर्जदारास झोपेमुळे ठाऊक नव्हते. "आता दिवसभर तुमचं घोरणं ऐकू का?" असे विचारून ती त्याच बाईंबरोबर बाहेर पडली आणि विक्रीचा परवाना काढून आली. अर्जदारास वाटले, चार दिवसांचे खूळ. आज अख्खी गल्ली तिच्याकडून ब्रश घेते.

३. खरी पंचाईत संध्याकाळी होते. खांद्याला पिशवी लावून ती येते, फलक वाचते आणि पायरीवरच बसते. दार सताड उघडे ठेवले तरी, "नको बाई, परवाना जाईल माझा," म्हणते. मग समोरच्या वहिनी तिला जेवायला नेतात. त्यांच्या खिडकीतून हसणे ऐकत अर्जदार करपलेले पातेले घासतो. अर्जदार फलक उपटायला गेला, तर आपल्या निरीक्षकांनी फलकाची मुदत संपण्याआधी तो काढता येणार नाही, असे बजावले. निरीक्षकांचे बूट फारच चकाकत होते. ते कोणाचे गिऱ्हाईक, हे सांगणे न लगे.

४. काल अर्जदार मुकाट्याने तिच्याशेजारी पायरीवर जाऊन बसला. बेल वाजत नाही, पण घर खायला उठते आणि झोपही येत नाही, असे कबूल केले. ती जरा सरकून बसली. म्हणाली, "मग हे साहेबांना लिहा की!"

५. तरी पत्नी ही विक्रेती होण्याआधीपासून पत्नी आहे, असा आदेश व्हावा. अथवा फलक काढू द्यावा. ब्रशवाल्या बाईंनीही बेल खुशाल वाजवावी.

६. आपल्या कचेरीच्या दारावर असा फलक नाही, हे पत्नीने आधीच पाहून ठेवले आहे. त्यामुळे अर्ज तीच घेऊन येत आहे. वाचताना मान जपून हलवावी. ती होकार समजते.

आपला नम्र आणि घरात एकटा,
(सही)
घड्याळजी
दिनांक : आजचाच, उद्यावर ढकलवत नाही.

सोबत :
१. परवान्याची प्रत
२. पत्नी, पिशवीसह