फोटोंची मागची बाजू

घोरावाडी,
४ ऑगस्ट २०२५

श्री. दत्तोबा यांस,
जय भीम.

तुमची आणि बयाबाईंची प्रकृती बरी असेल असं धरून चालते. इकडे आम्ही ठीक. प्रज्ञेश रोज पुण्याला जाऊन-येऊन नोकरी करतो. माझे गुडघे सोडले तर तक्रार नाही. स्टेशनकडची भिंत यंदाही ओली झाली आहे. सदतीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, तेव्हा ख्यालीखुशाली इतकी पुरे.

फोन का केला नाही, तेही सांगते. तुम्हाला हल्ली कमी ऐकू येतं आणि तुमचा अमृत फोनचा स्पीकर लावून देतो, हे मला तुमच्या गावच्या शकुबाईने सांगितलं. मला जे विचारायचं आहे ते तिकोणा पेठेपासून पवनानगरपर्यंत ऐकू जायला नको.

विषय फोटोंचा आहे. हे गेल्यावर 'लोणावळा शेड परिवार' या जुन्या इंजिनवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या जागी मला घेतलं. मी तिथे कधी बोलत नाही, पण वाचते सगळं. जुलै महिन्यापासून तुम्ही रोज सकाळी सातच्या सुमारास एक जुना फोटो टाकता. इंग्लंडातली रेल्वे, सन १९७५. निळी इंजिनं, त्यांची पिवळी तोंडं, कमानीच्या छपराची स्टेशनं, हातगाडीवर टपालाच्या गोण्या ढकलणारे हमाल. खाली तुम्ही लिहिता, 'यॉर्क. एका मित्राने पाठवलेला.' 'क्रू जंक्शन. एका मित्राने पाठवलेला.' म्हातारी मंडळी अंगठे दाखवतात, आणि ते इंजिन किती ताकदीचं होतं यावर वाद घालतात.

एका मित्राने. त्या मित्राला नाव नाही का? पंच्याहत्तर साली लोणावळा शेडमधून इंग्लंडला सहा महिने शिकायला एकच माणूस गेला होता आणि तो माझा नवरा होता. सातव्या फोटोत बाकावर जो करडा मफलर पडला आहे तो मी विणलेला आहे. परत आल्यावर मी त्यांना विचारलं होतं, फोटो कुठे आहेत? म्हणाले, कॅमेरा चुकून उघडला गेला, रोल वाया गेला. मी विश्वास ठेवला. आता पन्नास वर्षांनी ते फोटो तुमच्या घरातून एकेक करून बाहेर पडतायत. सीताराम माझ्याशी खोटं का बोलले, हे आता त्यांना विचारता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारते.

दुसरी गोष्ट. तुम्ही फक्त पुढची बाजू टाकता. सीतारामांना फोटोमागे लिहिल्याशिवाय चैन पडत नसे. प्रज्ञेशच्या बारशाच्या फोटोमागे त्यांनी पेढ्यांचं वजनसुद्धा लिहून ठेवलं आहे. तेव्हा या फोटोंमागे काहीतरी असणार. गेल्या सोमवारी तुमच्या हातून चूक झाली. लाल टपालडब्याच्या फोटोनंतर त्याचीच मागची बाजू आली. मी मोठी करून पाहिली. त्यांचं अक्षर, निळी शाई. 'दत्तू, हा डबा मला...' एवढं वाचलं आणि खाली दुसऱ्या अक्षरात एकच शब्द दिसला, 'लाल'. चष्मा पुसून परत बघेपर्यंत तुम्ही तो काढून टाकला होता. का काढलात? पाणी कुठेतरी मुरतंय, दत्तोबा.

आता जरा स्पष्ट लिहिते. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साली कोणीतरी रेल्वेच्या साहेबांना निनावी अर्ज केला. ड्रायव्हर सीताराम ओव्हाळ यांना लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही, त्यांचे डोळे पुन्हा तपासा, असा. त्यांना मुंबईला नेऊन तपासलं, इंजिनावरून उतरवलं आणि शेडच्या ऑफिसात हजेरी लिहायला बसवलं. चाळिशीतला माणूस वर्षभरात म्हातारा झाला. तो अर्ज तुम्ही केला असं ते समजत होते. सगळी शेड तसंच समजत होती. तुमच्याशी कोणी चहा पीत नव्हतं. आमच्या वस्तीत तर लोक म्हणाले, आपला माणूस पुढे गेलेला त्यांना बघवला नाही. गेल्या वर्षाआधीच्या डिसेंबरात ते गेले, ते हाच समज घेऊन.

आणि आता तुम्ही त्यांचे फोटो रोज सकाळी लोकांना दाखवता. कशासाठी? कोणाला काय कळावं म्हणून? मी इतकी वर्षं शाळेत मुलं सांभाळली आहेत. एखादा मुलगा पाठीमागे हात लपवून उभा राहिला की त्याच्या हातात काय आहे ते मला कळतं. फोटो दाखवता दाखवता तुम्ही मला काही सांगू पाहत असाल, तर ते सरळ सांगा. ग्रुपवर आडून नको. ताकाला जाऊन भांडं लपवायची गरज नाही.

सगळे फोटो रजिस्टर पोस्टाने पाठवा. त्यांच्यावर माझा हक्क आहे.

ज्योत्स्ना ओव्हाळ

* * *

मु. तिकोणा पेठ,
१३ ऑगस्ट

ज्योत्स्नावहिनी,
रामराम.

पत्र मिळालं. चष्मा लावून दोनदा वाचलं. अनिता, म्हंजी आमची सून, म्हनली मी लिवून देते. म्हनलं नको, माजं मी लिवतो. चुका असतील, मास्तरीनबाई, पदरात घ्या.

फोटो पाठवतोय. पस्तीस हायेत. एक ठेवून घेतलाय, त्यात सीताराम सोता इंजिनाला टेकून हुबा हाय. त्यो मागू नका.

हे फोटो चोरीचे न्हाईत. त्यानंच तिकडनं मला टपालानं धाडले. तुमी मागची बाजू वाचा म्हंजी कळंल. तितं त्याला रंगाचा लय घोळ व्हायाचा. कुनाला इचारावं तर नोकरी जायाची. म्हनून फोटो काढायचा, मागं लिवायचं, दत्तू, हे मला हिरवं दिसतंय, तुला कसं दिसतंय? मी त्याच्याखाली खरा रंग लिवायचो आनि उलट टपाली त्याला कळवायचो. सा महिने आमची अशी शाळा चालली. रंग काय त्याला आला न्हाई. पन दिव्याची जागा पाठ झाली, वरचा कुटला, खालचा कुटला. तुमास्नी घोर नको म्हनून रोल जळाला म्हनला आसंल.

मग तेरा वर्सं मी त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की दोगांनी मोठ्यानं बोलायचा, ह्यो रेल्वेचा नियमच हाय. मी पैला बोलायचो, त्यो मागनं. कुनाला काय कळायचं न्हाई. म्या दोनदा बढती नको म्हनलो. पन झेंडीला वरखाली न्हाई, वहिनी. घाटात नागनाथ ठेसनाच्या पुढं धुक्यात रुळाचं काम करनारा गँगवाला लाल झेंडी घेऊन हुबा व्हता, आनि ह्यो म्हनतो, चल, हिरवी हाय. म्या ब्रेकवर हात घातला. गाडी थांबली तवा गँगवाला चार हातांवर व्हता. त्या दिसापासनं मला बी झोप न्हाई.

मित्राचं नाव का न्हाई लिवलं म्हनता. आदी त्याला खाल्ला आनि आता त्याचं नाव मिरवतो, आसं शेडवाले म्हनले असते. माज्याशी कोन बोलत न्हाई, पन फोटोला अंगठा देत्यात. सकाळी तेवढंच बरं वाटतं. मोतीबिंदू वाढलाय, दिसतंय तवर दाखवावं म्हनलं. मागली बाजू दाखवली न्हाई, कारन मेलेल्या मानसाचं उनं कशाला उघडं करा.

आता अर्जाचं. तुमी इचारलं न्हाई, तरी सांगतो. डोळ्यांचं तिघांनाच ठावं व्हतं. एक सीताराम, त्यो सोताच्या पोटावर पाय देनार न्हाई. दुसरा मी, मी लिवला न्हाई. मग उरलं कोन, ते मला त्याच दिशी कळलं. मी बोललो न्हाई. त्यानं माज्याशी बोलनं सोडलं तर सोडूंदे, मला माजं घर व्हतं. घरातलंच बोलनं सुटलं असतं तर त्यो कुटं गेला असता?

तुमचा,
दत्तोबा

* * *

घोरावाडी,
२४ ऑगस्ट

दत्तोबा भावजी,

सप्रेम जय भीम. पाकीट सोळा तारखेला आलं. उत्तर आज आठ दिवसांनी लिहिते आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. जुलैपासून मी दर सकाळी तो फोन हातात घेऊन घाबरत होते की आज तुम्ही सगळं लिहिणार. माझं पहिलं पत्र रागाचं नव्हतं, भीतीचं होतं. तुम्ही ते ओळखलंत आणि तरी पदरात घ्या म्हणालात.

पस्तीस फोटो जमिनीवर मांडून उलटे केले. 'दत्तू, हा दिवा मला पिवळा वाटतो.' खाली तुमचं, 'हिरवा हाय, सीताराम.' 'दत्तू, या बाईचा कोट तपकिरी आहे ना?' 'लाल, लाल.' मला हसूही आलं आणि मग खूप रडले. लग्नाला दोन वर्षं झालेली बायको घरात होती, आणि ते विचारत होते तुम्हाला.

पण मलाही माहीत होतंच. लग्नानंतर त्यांनी मला लाल म्हणून हिरवं लुगडं आणलं होतं. भाजीवाली त्यांच्या पिशवीत खुशाल कच्चे टोमॅटो भरायची. तुम्ही इंजिनावर सिग्नल बोलून त्यांना सांभाळलं, मी घरात. रेल्वेच्या डॉक्टरकडे ते ठिपक्यांचं पुस्तक असतं ना, ज्यात रंगीत ठिपक्यांत आकडा लपलेला असतो? तसलं पुस्तक मी पुण्याहून मिळवलं आणि पानागणिक आकडे त्यांच्याकडून घोकून घेतले. पहिल्या पानावर बारा, दुसऱ्यावर आठ. पाढे घेतात तसे. प्रत्येक तपासणीच्या आधी आठ दिवस. म्हणजे त्यांना इंजिनावर ठेवण्यात माझा हात तुमच्याइतकाच होता.

नागनाथचं त्यांनी मला सांगितलं होतं. हसत सांगितलं. मग तिसऱ्यांदा आलेली बढती तुम्ही घेतलीत. तुम्ही ती घेईपर्यंत बयाबाईंनी चूल पेटवायची नाही असं ठरवलं होतं, हे मला माहीत आहे आणि त्यांचं चुकलं नव्हतं. तुमच्या जागी नवा असिस्टंट आला. मी यांना म्हटलं, आपण होऊन ऑफिसात सांगा. ते म्हणाले, तुला काय कळतं, मला दिव्यांची जागा पाठ आहे. पावसाळा तोंडावर आला होता. मी रोज शाळेत हजेरी घेताना विचार करायची, आज कोणाचा बाप तिथे झेंडी घेऊन उभा असेल.

मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात बसून मी अर्ज लिहिला. डाव्या हाताने.

मुंबईला त्यांना पुस्तकाऐवजी रंगीत दिव्यांनी तपासलं. ते परत आले त्या दिवशी दारातच म्हणाले, दत्तूने माझा घात केला. मी ताट वाढत होते. वाढत राहिले. एक शब्द बोलले असते तर तुमची मैत्री राहिली असती, पण माझ्या संसाराचं काय झालं असतं कोण जाणे. मी तुमच्या जिवावर माझा संसार राखला, भावजी. लोक जातीवरून तुमच्याबद्दल बोलत होते तेव्हाही मी मान खाली घालून ऐकलं. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात त्यांनी एकदा विचारलं, दत्तूची तब्येत कशी असते गं? मी म्हटलं, मला काय माहीत. तेव्हाही सांगितलं नाही. त्याची मला लाज वाटते, आणि मरेपर्यंत वाटेल.

अर्ज केल्याचा मात्र मला पश्चात्ताप नाही. तो करायलाच हवा होता. नाव न घातल्याचा आहे.

काल प्रज्ञेशला सगळं सांगितलं. तो जेवता जेवता उठून गेला. आज सकाळी परत आला आणि फोटोंच्या दोन्ही बाजू फोनमध्ये कशा घ्यायच्या ते मला दाखवून गेला. बाबांचं उणं उघडं होईल, असं तुम्ही म्हणाल. होऊ दे. ज्या माणसाने रंग दिसत नसताना एवढे फोटो काढले आणि दोस्ताला खरं विचारलं, त्याचं त्यात काय उणं आहे? उणं आमचं, गप्प बसणाऱ्यांचं.

येत्या रविवारी, ३१ तारखेला, सकाळी सात वाजता तुम्ही फोटो टाकू नका. मी टाकणार आहे, त्या टपालडब्याचा, पुढचाही आणि मागचाही. त्याखाली काय लिहिणार ते आधी तुम्हाला कळवते. अमृतला हे पत्र मोठ्याने वाचायला सांगा. पवनानगरपर्यंत ऐकू गेलं तरी चालेल.

'शेडमधील सर्व मंडळींस, हे फोटो सीताराम ओव्हाळ यांनी काढले आणि आपला मित्र दत्तोबा याला पाठवले. मागचं अक्षर दोघांचं आहे, सावकाश वाचा. सन १९८८ चा निनावी अर्ज दत्तोबांनी केला नव्हता. त्यांना तो कोणी केला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचं घर मोडू नये म्हणून सदतीस वर्षं तुमचे टोमणे ऐकले. त्या अर्जाखाली नाव घालायचं राहून गेलं होतं. ते आज घालते.'

अर्जदार,
ज्योत्स्ना सीताराम ओव्हाळ