तांबूसाठी उघडं फाटक

अहो,

“सूनबाई, फाटकाला कडी घालू नकोस गं. तांबू आली तर माघारी जाईल.” आईंचे हे शब्द अजून कानात आहेत. वादळाच्या दिवशी भाजीचे वाफे वाचवायला मी कडी घातली, आणि तांबूचं वासरू फाटकाबाहेरून समुद्राने नेलं. तांबूला पुन्हा आत आणीन, असा शब्द मी आईंना त्यांच्या शेवटच्या घडीला दिला होता. ती रोज पहाटे उघड्या फाटकाशी येते, पण आत पाऊल टाकत नाही.

आज दुपारच्या बोटीने बेटावरची मोकाट गुरं नेणार. कुंपणाच्या आत असेल तेच जनावर घरचं, हे तुम्हीच सभेत कबूल करून आलात. असो.

जेवण झाकून ठेवलंय. ती आत येईपर्यंत पाणीही न घेण्याचा माझा नेम आहे, तेव्हा माझ्यासाठी थांबू नका.

काल मी आईंसारखी हाक मारून पाहिली. तांबूने कान टवकारले आणि माझ्याकडे नाही, माझ्या मागे पाहिलं. मी मात्र वळले नाही.

आज आईंची शाल पांघरून फाटकाशी जाते आहे. खिडकीतून दिसली तर दचकू नका. फाटक तेवढं उघडं राहू द्या.