सभेत वर केलेले हात

ठाणे, ९ मे २००३

सरूताईस गोरखचा रामराम.

मी मजेत आहे, खोकलाही गेला. आईला सांग.

काल आमच्या कंपनीची वर्षाची सभा होती. मी चहा फिरवत होतो. एका ठरावाला चाळीसेक भागधारकांनी नको म्हणून हात वर केले. हो म्हणणारे तिघंच, तरी जिंकले तेच! मला नवल वाटलं. कारकून कदमांना विचारलं, तर हसले. "अरे, इथे हात नाही मोजत. ज्याचे शेअर जास्त, त्याची मतं जास्त. नियमच आहे."

आपल्या ग्रामसभेत तर माणशी एक हात. मागच्या वर्षी विहीर पाड्यात व्हावी म्हणून आपण सगळ्यांनी हात वर केले, आईनेसुद्धा. आणि विहीर खोदली जीपवाल्या शेठच्या वाडीत. आई अजून पाण्याला दरीत उतरते का गं? गुडघा कसा आहे तिचा?

तू आता पंचायतीत मेंबर आहेस. ग्रामसेवकाला एवढं विचारशील? शेठ तर त्या सभेला आलाच नव्हता. मग त्याचे हात किती मोजले?

तुझा भाऊ,
गोरख